धार आधी ठरते

अश्मयुगातलं क्लीव्हर नावाचं हत्यार नीट निरखलं की एक गोष्ट ध्यानात येते: त्याच्या धारेला कोणी हातच लावलेला नाही. दोन्ही बाजू ठोकून सारख्या केलेल्या असतात, मुठीकडचा भाग गोलसर केलेला असतो. पण पुढची आडवी, रुंद धार, जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिच्यावर एकही टोला नसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना मिळतात ती कड, तीच धार. आणि त्या दोनांपैकी एक पृष्ठभाग मूळ दगडावर अगोदरच तयार करून ठेवलेला असतो, हत्याराचा तुकडा दगडापासून सुटायच्या आधी. धार अगोदर ठरली, हत्यार नंतर निघालं.

अश्मयुगाच्या साऱ्या सामानात हा क्रम मला सर्वांत मोलाचा वाटतो. संग्रहालयात लोक थांबतात ते हातकुऱ्हाडीपुढे, कारण ती रेखीव असते, टोकदार असते, डावी-उजवी बाजू जुळलेली असते. क्लीव्हर तिच्यापुढे ओबडधोबड दिसतं. पण घडवणाऱ्याने किती पुढचं पाहिलं होतं हे समजून घ्यायचं असेल तर क्लीव्हरच पाहावं. आणि ते महाराष्ट्रातलं पाहावं, कारण इथला दगड मुळीच सोपा नाही.

नेवाशाजवळ प्रवरेला मिळणाऱ्या चिरकी नाल्यापाशी गुडरून कॉर्व्हिनस या जर्मन संशोधिकेने १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केलं. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी नेवाशाचा परिसर १९५४ पासूनच अभ्यासाखाली आणला होता. चिरकीला धोंड्यांच्या थरात आणि त्याच्या लगतच वर दोन हजारांहून जास्त दगडी वस्तू मिळाल्या: हातकुऱ्हाडी, क्लीव्हर, जड तोडहत्यारं, गाभे आणि कपचे. ही अशूलियन परंपरा. ती आफ्रिकेत सुमारे १७ लाख वर्षांपूर्वीपासून दिसते. चिरकीचा मोठा ऐवज बसॉल्ट आणि डोलेराइटचा आहे, म्हणजे आपल्या रोजच्या काळ्या दगडाचा.

हा दगड का अवघड, हे कळण्यासाठी आधी दगड फुटतो कसा ते पाहायला हवं.

काचेच्या तावदानावर छर्रा बसला की मागच्या बाजूने शंकूच्या आकाराचा टवका उडतो. बारीक दाण्याच्या, एकजीव दगडातही टोल्याचा जोर असाच शंकूसारखा पसरत जातो. फरक इतकाच की दगड फोडणारा टोला मधोमध न मारता कडेजवळ मारतो. त्यामुळे पुरता शंकू न सुटता त्याचा एक काप सुटतो. हा काप म्हणजे कपचा, आणि ज्यावरून तो सुटला तो गाभा. कपच्याच्या आतल्या बाजूला, टोला बसला त्याच्या लगेच खाली, एक फुगवटा असतो. तो त्या शंकूचा उरलेला भाग. फुगवट्यापासून पुढे लाटांसारखे वळ पसरत जातात. त्यांचा रोख पाहून टोला कुठून आला ते सांगता येतं.

सगळं अवलंबून असतं कोनावर. टोला ज्या सपाट जागेवर बसतो तिला माथा म्हणू. माथा आणि कपचा ज्या बाजूवरून सुटणार ती बाजू यांच्यातला कोन ९० अंशांहून कमी हवा. ६० ते ८० अंशांच्या दरम्यान असला तर काम सुरळीत होतं. कोन ९० च्या पुढे गेला की कितीही जोर लावा, भेग दगडाच्या पोटात शिरते आणि तिथेच विरते; वर फक्त पांढरट ठेचका उरतो. दुसरी गोष्ट म्हणजे टोला कडेपासून किती आत बसला. अगदी कडेवर बसला तर कड चुरते किंवा नखाएवढा पातळ तुकडा निघतो. आत सरकावं तसा कपचा जाड आणि मोठा होतो, आणि त्याला लागणारा जोरही वाढतो. हॅरॉल्ड डिबल या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने काचेच्या गाभ्यांवर पोलादी गोळ्या सोडून हे मोजून दाखवलं: माथ्याचा कोन आणि टोल्याचं कडेपासूनचं अंतर या दोन गोष्टी धरल्या की कपचा केवढा निघेल याचा अंदाज बांधता येतो. दोन्ही गोष्टी टोला मारण्यापूर्वी ठरवायच्या असतात. हात खाली आल्यावर काही दुरुस्त करता येत नाही.

तिसरी गोष्ट बाजूच्या आकाराची. भेग बाजूवरच्या उंचवट्याच्या आधाराने धावते. बाजू थोडी फुगीर असेल, किंवा तिच्यावर आधीच्या दोन व्रणांमध्ये (व्रण म्हणजे कपचा सुटल्यावर गाभ्यावर राहिलेली खूण) उभा राहिलेला कंगोरा असेल, तर भेग त्याच्या मागोमाग शेवटपर्यंत जाते. बाजू सपाट किंवा खोलगट असेल तर ती मध्येच बाहेर वळते. म्हणून प्रत्येक कपचा काढताना पुढच्या कपच्यासाठी कंगोरा मागे ठेवावा लागतो. दगड फोडण्याचं सगळं कसब याच्यात आहे.

आता आपला काळा दगड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. त्यातला सगळाच बसॉल्ट अवजारांच्या कामाचा नाही. ज्या थरात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या झाल्या तो सच्छिद्र दगड निरुपयोगी; भेग पहिल्याच पोकळीशी अडते. ज्यात फेल्सपारचे मोठे पांढरे स्फटिक विखुरलेले असतात तोही नको, कारण स्फटिकापाशी भेग वाकडी होते. जो दगड वरून धट्टाकट्टा दिसतो पण आतून केसासारख्या बारीक चिरांनी भरलेला असतो तो सर्वांत फसवा. कामाचा असतो घट्ट, एकसारख्या दाण्याचा बसॉल्ट, किंवा लाव्ह्याच्या थरांना भेदून उभ्या गेलेल्या भित्तींमधला डोलेराइट. हा चिवट असतो. गारगोटीपेक्षा त्याचा कपचा काढायला जोर जास्त लागतो, आणि धारही तितकी पातळ निघत नाही. पण लाकूड तोडताना किंवा जाड हाडाशी गाठ पडल्यावर ती लगेच तुटत नाही. मोठ्या हत्यारासाठी मोठा तुकडा मिळायचा तो याच दगडातून.

अडचण आकाराची आहे. डोलेराइट आणि बसॉल्ट झिजताना कोपरे आधी जातात, वरून पापुद्रे सुटत राहतात, आणि शेवटी उरतात ते वाटोळे धोंडे. नदीत आल्यावर ते आणखी गोल होतात. वाटोळ्या धोंड्यावर ९० अंशांहून कमी कोन कुठेच नसतो. मग सुरुवात कुठून करायची? शिवाय धोंड्यावर कुजक्या दगडाची साल असते. ती टोल्याचा जोर पिऊन टाकते.

यावर तोडगे मोजकेच आहेत. धोंड्याला जुनी नैसर्गिक फूट असेल तर तिथून सुरुवात. नसेल तर धोंडा दुसऱ्या मोठ्या दगडावर आपटून किंवा त्यावर जड दगड टाकून तो दुभंगवायचा. एकदा तो दुभंगला की त्याला सपाट माथा मिळतो आणि कडेला नेमका कोन. मग कपचे काढायला दोन्ही हातांत धरावा लागणारा, काही किलोंचा हातोडीचा दगड लागतो, कारण हवा असतो तो १० सेंटिमीटरहून मोठा कपचा. त्याहून लहान कपच्यातून पुढचं हत्यार निघत नाही. हातोडीचा दगडही निवडून घ्यावा लागतो: गोलसर, चिरा नसलेला, गाभ्याइतकाच किंवा त्याहून चिवट. कच्चा घेतला तर तोच फुटतो, आणि बोटं सापडतात.

क्लीव्हरचा खेळ इथून सुरू होतो. मोठ्या गाभ्याच्या एका बाजूवर आधी एक मोठा कपचा काढायचा. तो नको असतो. हवा असतो त्याने मागे ठेवलेला गुळगुळीत, किंचित खोलगट व्रण. मग गाभा फिरवून, साधारण आडव्या दिशेने, दुसरा टोला असा मारायचा की नव्या कपच्याची एक कड त्या जुन्या व्रणात जाऊन संपेल. नव्या कपच्याची आतली बाजू आणि जुना व्रण जिथे मिळतात तिथे लांब, सरळ, धारदार कड मिळते. तीच क्लीव्हरची धार. उरलं काम दहा-पंधरा टोल्यांचं: फुगवट्याची जाडी कमी करणं, बाजू सारख्या करणं, मूठ बोथट करणं. धारेच्या आसपास टोला मारायचाच नाही, कारण अशी नैसर्गिक कड परत मिळत नाही.

याहून पुढची युक्तीही अशूलियन कारागिरांना ठाऊक होती. मोठा कपचा घ्यायचा आणि त्यालाच गाभा मानून त्याच्या फुगवट्याच्या बाजूवरून आणखी एक कपचा काढायचा. असा कपचा दोन्हीकडून फुगीर आणि गुळगुळीत निघतो, आणि त्याला जवळजवळ सभोवार धार असते. ठोकठाक फार करावी लागत नाही. पूर्व आफ्रिकेतल्या एका ठिकाणावरून या पद्धतीला कोंबेवा म्हणतात. आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या मोठ्या कपच्यांच्या अशूलियनमध्ये ती पुन्हा पुन्हा दिसते.

चुका कशा होतात हे पाहिलं की हे कौशल्य जास्त कळतं. दगडावर चुका पुसता येत नाहीत, म्हणून त्या लाखो वर्षांनीही वाचता येतात. सर्वांत जास्त दिसते ती बाहेर वळलेली भेग: कपच्याचं टोक पातळ होत जाण्याऐवजी गोल वळून संपतं. कारण बहुधा जोर अपुरा पडला, टोला फार बाहेरच्या रोखाने बसला किंवा बाजू सपाट होती. दुसरी म्हणजे पायरी. कपचा अर्ध्यावर काटकोनात तुटतो आणि गाभ्यावर पायरी राहते. पायरी राहिली की पुढचा प्रत्येक कपचा तिथेच येऊन थांबतो, आणि नवशिका तिथेच आणखी टोले मारत राहतो. मग पायऱ्यांवर पायऱ्या चढतात, मध्ये एक गाठ उभी राहते आणि गाभा टाकून द्यावा लागतो. जाणता माणूस पहिल्याच पायरीला थांबतो. तो गाभा उलटा धरतो, समोरच्या टोकाकडून त्या गाठीखाली एक जाड कपचा घुसवतो आणि ती उडवून लावतो. तिसरी चूक उलट दिशेची: जोर जास्त झाला तर भेग बाजू ओलांडून पार पलीकडच्या टोकालाही घेऊन जाते, आणि अर्धं झालेलं हत्यार संपतं. जाड दाण्याच्या दगडात आणखी एक नुकसान ठरलेलं असतं. कपचा टोल्याच्या बिंदूपासून उभा चिरून दोन भाग होतो. हातात दोन अर्धे कपचे, फुगवटाही अर्धा-अर्धा.

हातकुऱ्हाडीची अडचण वेगळी. तिला दोन्ही बाजूंनी कपचे काढत पातळ करायचं असतं, आणि दगडाला पातळ होणं आवडत नाही; रुंदी आधी जाते, जाडी तशीच राहते. म्हणून कपचे कडेवरून निघून मध्यरेषेपर्यंत पोचले पाहिजेत. त्यासाठी कड आधी खरबरीत दगडाने घासून घट्ट करतात, म्हणजे ती टोल्याखाली चुरत नाही, आणि शेवटच्या टप्प्यात हाड, शिंग किंवा कठीण लाकडाची मऊ हातोडी वापरतात. मऊ हातोडीचा कपचा पातळ, रुंद आणि कमी फुगवट्याचा निघतो. इंग्लंडमधल्या बॉक्सग्रोव्ह इथे सुमारे पाच लाख वर्षांपूर्वीची शिंगाची हातोडी मिळाली आहे. बसॉल्टवर मात्र मऊ हातोडीची खूण ओळखणं कठीण, कारण इथे फुगवटा आणि वळ मुळातच पुसट असतात आणि झीज उरलंसुरलं घेऊन जाते. दख्खनची अवजारं म्हणूनच कंगोऱ्यांवरून वाचावी लागतात. कोणता व्रण कोणाला कापून गेला ते पाहायचं. कापणारा नंतरचा, कापला गेलेला आधीचा. पाच-सहा व्रणांचा असा क्रम लागला की त्या माणसाचा हात कसा फिरला ते उलगडतं.

दगड बदलला की पद्धत कशी बदलते याचा उत्तम पुरावा आपल्या शेजारी आहे. कर्नाटकात, दख्खनच्या बसॉल्टच्या सीमेवर, यादगीर जिल्ह्यातल्या हुणसगी-बैचबाळ खोऱ्यात इसामपूर आहे. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे खणून काढली ती दगडाची खाण आणि तिथलीच कार्यशाळा. इथे वाटोळ्या धोंड्यांची कटकट नाही. सिलिकायुक्त चुनखडीच्या नैसर्गिक लाद्या सुटून पडलेल्या असतात, आणि लादीला माथा आणि कोन आयतेच असतात. तिथल्या माणसांनी लादीची जाडी पाहून काम वाटून घेतलं होतं. पातळ लादी असेल तर तिच्याच कडा ठोकून हातकुऱ्हाड. जाड असेल तर तिच्यावरून मोठे कपचे काढून क्लीव्हर. हातोडीसाठी मात्र चुनखडी न वापरता बसॉल्ट, क्वार्टझाइट (वाळूच्या दगडापासून झालेला कठीण दगड) आणि चर्ट (सिलिकेचा बारीक दाण्याचा दगड) यांचे गोटे आणलेले होते. ज्या जागी लादी आहे तिथे योग्य गोटा मिळेलच असं नाही, तेव्हा निघतानाच हातोडी सोबत घेतली असणार. इथल्या प्राण्यांच्या दातांवरून काढलेलं वय सुमारे १२ लाख वर्षं आहे. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमचं वय त्याहून मागे जातं. शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ते किमान १० लाख ७० हजार आणि सरासरीने सुमारे १५ लाख वर्षं असल्याचं मांडलं. तिथला दगड क्वार्टझाइट.

महाराष्ट्रातल्या वयांबद्दल इतक्या ठामपणे बोलता येत नाही. जुन्नर तालुक्यातल्या बोरी इथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख सापडली आणि तिच्या सोबत अशूलियन अवजारं. त्या एकाच राखेचं वय कोणी १४ लाख, कोणी ६ लाख ७० हजार आणि कोणी फक्त ७४ हजार वर्षं सांगितलं. शेवटचा आकडा सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाचा. राखेची रासायनिक घडण त्याच्याशी जुळते असं त्या बाजूचं म्हणणं. राख नदीने उचलून पुन्हा टाकलेली असू शकते, हा त्यातला खरा पेच. नदीकाठच्या पुराव्याबाबत घाई करू नये, एवढं बोरीच्या वादातून घेण्यासारखं आहे.

चिरकीनंतर कॉर्व्हिनस इथिओपियात गेल्या, आणि हदारजवळच्या गोना परिसरातली फार जुनी अवजारं १९७० च्या दशकात उजेडात आणणाऱ्यांमध्ये त्या होत्या. पुढे तिथल्या अवजारांचं वय सुमारे २६ लाख वर्षं ठरलं. केनियातल्या लोमेक्वीची अवजारं तर ३३ लाख वर्षांची. ती २०१५ मध्ये जाहीर झाली. लोमेक्वीचे गाभे अवजड आहेत. ते ऐरणीसारख्या दगडावर ठेवून किंवा आपटून फोडलेले आहेत, आणि त्यांवर चुकलेल्या टोल्यांच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. गोनाची माणसं चांगल्या दाण्याचे गोटे वेचून घेत होती आणि कोन ओळखून एकामागून एक स्वच्छ कपचे काढत होती. पण कपचा निघेल तसा वापरायचा, हाच तिथला हिशोब. पुढच्या कपच्याचा आकार आधी ठरवून गाभा त्याप्रमाणे सजवणं तिथे नाही. ती पायरी चढायला लाखो वर्षं लागली.

प्रवरेच्याच काठी, अशूलियनच्या वरच्या खडीच्या थरांत, सांकलियांना निराळीच अवजारं मिळाली होती: लहान, चर्ट आणि जास्परच्या कपच्यांची तासण्या आणि टोकं. या मध्य पुराश्मयुगीन अवजारांना त्यांनी नेवासन हे नाव दिलं. जड काळ्या दगडाकडून रंगीत, काचेसारख्या फुटणाऱ्या दगडाकडे वळण्याचा हा काळ. चर्ट, जास्पर, अकीक, चाल्सेडनी हे सगळं बसॉल्टच्या पोकळ्यांत आणि भेगांत सिलिका साचून तयार होतं. म्हणजे अवजारांसाठी नको असलेला सच्छिद्र बसॉल्टच या नव्या दगडाची खाण ठरला. तोटा एकच, गोटे लहान. मुठीएवढा निघाला तरी मोठा म्हणायचा. मोठं हत्यार त्यातून निघत नाही. मग लहान गाभ्यातून जास्तीत जास्त धार कशी काढायची, हा प्रश्न उरतो. गाभ्याची बाजू चोहीकडून कपचे काढून फुगीर करायची आणि मग ठरलेल्या आकाराचा एकच कपचा उचलायचा, ही पद्धत याच प्रश्नातून पुढे येते. अत्तिरमपक्कमला ती सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी दिसू लागते.

त्यानंतरचं सर्वांत देखणं उत्तर म्हणजे पातं: रुंदीच्या दुप्पट तरी लांब, समांतर कडांचा कपचा. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन गावांत, नेवाशाला, दायमाबादला, इनामगावला, चाल्सेडनीची अशी पाती मुबलक मिळतात, आणि ती काढायची रीत गाभ्यांवरून स्पष्ट वाचता येते. गोट्याचं एक टोक उडवून माथा करायचा. मग एका बाजूला, वरून खालपर्यंत, आळीपाळीने डावीकडून आणि उजवीकडून बारीक कपचे काढत नागमोडी कंगोरा उभा करायचा. पहिला टोला त्या कंगोऱ्याच्या बरोबर वर. भेग कंगोऱ्याच्या मागोमाग शेवटपर्यंत जाते आणि त्रिकोणी छेदाचं, पाठीवर दोन्हीकडे बारीक व्रण असलेलं पहिलं पातं सुटतं. ते फारसं कामाचं नसतं. पण त्याने गाभ्यावर दोन सरळ, समांतर कंगोरे मागे ठेवलेले असतात, आणि पुढची सगळी पाती त्या कंगोऱ्यांवरून ओळीने निघतात. शेवटी गाभा पन्हाळी पडलेल्या बारीक दंडगोलासारखा उरतो. असं कंगोऱ्याचं पहिलं पातं गावात सापडलं की समजावं, पाती इथेच काढली जात होती, बाहेरून तयार आलेली नव्हती. क्लीव्हरमध्ये धार एका व्रणाने ठरवली जायची. इथे एका कंगोऱ्याने पुढच्या दहा-वीस पात्यांची धार ठरते.

एवढ्या लहान गाभ्यावर हातोडीचा थेट टोला नेमका बसवणं कठीण. म्हणून टोला शिंगाच्या किंवा हाडाच्या छिन्नीतून द्यायचा, किंवा टोला न मारता अणकुचीदार टोकाने नुसता दाब द्यायचा. गुजरातेत खंबायतला अकीकाचे मणी घडवणारे कारागीर हेच काम उलट्या बाजूने करत आले आहेत. लोखंडी दांडा जमिनीत तिरपा रोवायचा, टोक वर. दगडाची कड त्या टोकावर टेकवायची आणि वरून शिंगाची डोकी असलेल्या हलक्या हातोडीने ठोकायचं. टोला वर बसतो, पण कपचा खालच्या टोकापासून सुटतो. नेम चुकायचा प्रश्नच उरत नाही, कारण दगड आधीच नेमक्या जागी टेकलेला असतो. ते दगड आधी भाजूनही घेतात, मातीच्या भांड्यांत, मंद आचेवर. भाजल्याने पिवळट अकीकातलं लोह लाल होतं, आणि दगड अधिक सहज, अधिक गुळगुळीत फुटतो. आच एकदम वाढली तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगडावरून बशीसारखे टवके उडतात, किंवा तो बारीक चिरांनी भरून जातो. उत्खननात मिळालेल्या चाल्सेडनीवर जुन्या भागाला मंद आणि नव्या व्रणांना तुळतुळीत, तेलकट चमक दिसली, तर दगड भाजून मग फोडला होता असं धरायला जागा असते. चुलीत चुकून पडलेला तुकडा वेगळा दिसतो. त्याचे टवके सगळीकडून उडालेले असतात.

सूक्ष्म अवजारं याच पात्यांची. पात्याची एक कड बारीक, उभ्या टोल्यांनी बोथट करतात आणि पात्याचा अर्धचंद्र, त्रिकोण किंवा समलंब चौकोन करतात. आकार एक ते चार सेंटिमीटर. बोथट कड लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत राळेने बसते, धारदार कड बाहेर राहते. बोथट केली नाही तर ती खोबणच चिरत जाते. एक तुकडा तुटला तर तेवढाच बदलायचा. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांना अशा परंपरेच्या थरांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला कवचाचा तुकडाही मिळाला. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. इनामगावचे शेतकरी त्यानंतर कितीतरी हजार वर्षांनी, इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यान, तांबं ठाऊक असूनही रोजचं कापण्याचं काम चाल्सेडनीच्या पात्यांनीच करत होते. तांबं दुर्मिळ होतं, आणि ताज्या चाल्सेडनीइतकी धार त्याला येतही नाही. पुष्कळ दिवस गवत किंवा धान्य कापलेल्या पात्याच्या कडेला काचेसारखी झळाळी चढते. भिंगाखाली ती ओळखू येते.

नदीकाठच्या प्रत्येक टोकदार दगडाला हत्यार समजू नये. पुरात गोटे एकमेकांवर आपटूनही कपचे सुटतात. पण ते कुठल्याही दिशेने सुटलेले असतात, पुढे आलेल्या कोपऱ्यांवर जास्त असतात, आणि प्रत्येक व्रणाची झीज वेगळी असते. घडवलेल्या दगडावर व्रण एका कडेला ओळीने येतात, त्यांची झीज सारखी असते, आणि जिथे ते मिळतात तिथे कोन लहान असतो. उन्हाने तडकलेल्या दगडाला फुगवटा नसतो. जुन्या करड्या दगडावर कडेला दोन-चार काळेभोर ताजे व्रण असतील तर ते बहुधा ट्रॅक्टरच्या नांगराचे.

अवजारापेक्षा त्याच्या आसपासच्या कपच्यांत जास्त माहिती असते, असं मला वाटतं. एक हातकुऱ्हाड घडवताना शेकडो कपचे आणि चुरा पडतो. सालीचे कपचे फार असतील तर धोंडा तिथेच फोडला. साल कुठेच नसेल आणि फक्त लहान, पातळ कपचे असतील तर कच्चा घाट दुसरीकडे देऊन इथे शेवटचा हात फिरवला. काही ठिकाणी कपचे परत एकमेकांना जुळवून मूळ गोटा उभा करता येतो, आणि मध्ये जी पोकळी राहते ती कोणीतरी सोबत नेलेल्या हत्याराची असते. हौशी संग्राहक देखणी हातकुऱ्हाड खिशात घालतो, कपचे तिथेच टाकतो, आणि हा सगळा हिशोब मोडतो. वाळूउपसा आणि शेताचं सपाटीकरण तर सगळा थरच घेऊन जातात.

प्रवरा, गोदावरी, घोड, कुकडी, भीमा यांच्या काठी राहणाऱ्यांना असं काही दिसलं तर त्यांनी ते उचलू नये. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, फोनवरचं ठिकाण टिपून ठेवावं, आणि दगड घट्ट खडीतून बाहेर डोकावतोय, पिवळ्या मातीत आहे की वरच्या काळ्या मातीत सुटा पडलाय ते लिहावं. हातभर अंतरात कपचे आहेत का पाहावं आणि त्यांचाही एक फोटो घ्यावा. मग राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावं. दगड खडीत रुतलेला असेल तर त्या खडीची बाजू खरवडू नये. वय काढायचा नमुना तिथूनच घेतला जातो.